दह्याला सुटलेली तार

जिवाणू मी पहिल्यांदा पाहिला असं ज्या दिवशी मला वाटलं, त्या दिवशी मी खरं तर तेलातला हवेचा बुडबुडा पाहत होते. सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यांत मोठ्या भिंगाखाली बघायचं तर काचपट्टीवर तेलाचा एक थेंब सोडावा लागतो, आणि मी घाईने सोडलेल्या थेंबात हवा अडकली होती. काळ्याभोर कडेचा, आत लख्ख उजेड भरलेला तो गोल इतका देखणा होता की मी त्याची मोठी आकृती काढली, बाण काढून तिच्या भागांना नावं दिली आणि वही घेऊन आमच्या मॅडमपुढे उभी राहिले. मॅडम किरकोळ अंगाच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आकृती सुरेख आहे. बुडबुड्याची आहे. आता जिवाणूची काढ." सगळा वर्ग हसला, मीही हसले. पुन्हा भिंगाला डोळा लावला, स्क्रू अगदी केसभर फिरवला, आणि त्या बुडबुड्याच्या शेजारून जांभळ्या ठिपक्यांची एक माळ अलगद वर आली. आठ ठिपके, एकाला एक लागून. "अगं बाई!" हे माझ्या तोंडून इतक्या मोठ्याने निघालं की वर्ग दुसऱ्यांदा हसला. या वेळी मला ऐकूही आलं नाही.

ईशान, मीरा, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल की आजीला लहानपणापासून विज्ञानाचं वेड होतं. तसं काही नव्हतं. मला रसायनशास्त्र हवं होतं, त्याच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने "सूक्ष्मजीवशास्त्रात जागा आहे, घेणार का?" असं विचारलं, मागची रांग ढकलत होती, म्हणून मी हो म्हटलं. इतकंच. पण त्या जांभळ्या माळेनंतर मी कॉलेजात चालत जाणं सोडलं, धावत जायला लागले. ठाण्याला उतरायचं, टेंभी नाका ओलांडायचा, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी क्षणभर थांबून आतला वास घ्यायचा. गॅसच्या बर्नरचा वास, आणि उकडलेल्या बटाट्याचा, कारण बटाट्याच्या फोडींवर आम्ही जिवाणू वाढवत असू. अजूनही मी बटाटे उकडायला लावले की माझं मन एकदम वीस वर्षांचं होतं.

मॅडम इंग्रजीत शिकवायच्या आणि मी ते घरी मराठीत सांगायचे, कारण घरी ते ऐकणारं एक माणूस होतं. माझा मोठा भाऊ वसंतदादा मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. उषावहिनी कल्याणच्या जुन्या बाजारपेठेतल्या घरातली. मॅट्रिक झालेली, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेली, आणि मला, वयाने दोनच वर्षांनी लहान असलेल्या नणंदेला, रीतीप्रमाणे "वन्सं" म्हणणारी. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. डोंबिवलीतल्या दोन खोल्या आणि मागची लांबट गॅलरी एवढ्या जागेत आई, दादा, वहिनी आणि मी राहायचो. पहाटे गवळ्याच्या किटलीचं झाकण वाजायचं, मग आईचा स्टोव्ह, मग दूरवर कारखान्याचा भोंगा. वारा मानपाड्याकडून असला की खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर आमसुलाच्या सारालाही रंगाच्या कारखान्याचा वास लागायचा.

"वन्सं, आज काय शिकवलं?" मी चपला काढायच्या आत वहिनी विचारायची. एकदा मी सांगितलं की आपल्या अंगातली पेशी म्हणजे बंगला. केंद्रकाला वेगळी खोली, शक्ती तयार करायला वेगळी, सामान बांधायला वेगळी. जिवाणूचं तसं नाही. त्याची एकच खोली. त्याचा आनुवंशिक धागा मधोमध गुंतवळासारखा पडलेला, त्याला भिंत नाही की पडदा नाही. भोवती प्रथिनं बनवणारे हजारो कण. बाहेरून एक पातळ पटल, ते दाराचं काम करतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, ते तिथे ठरतं, आणि शक्ती मिळवायचं कामही तिथेच चालतं. पटलाच्या बाहेर भिंत, आतल्या दाबाने पेशी फुटू नये म्हणून. कुणाला पोहायला शेपूट, कुणाला चिकटून राहायला बारीक केस, आणि कुणाकुणाच्या अंगावर ह्या सगळ्याच्याही बाहेर एक बुळबुळीत लपेट. तिला कॅप्सूल म्हणतात.

"म्हणजे एकाच खोलीत स्वयंपाक, देव आणि अंथरुणं?" वहिनी म्हणाली. "आमचं कल्याणचं घर झालं की हे. मग भांडण झालं तर त्यांनी जायचं कुठे?"

"जात नाहीत. मधोमध भिंत घालतात आणि एकाचे दोन होतात. सोय चांगली असली तर वीस मिनिटांत."

"बरंय बाई त्यांचं."

आतून आईचा आवाज आला, "कोण गं वेगळं राहतंय?"

आई आमच्या बोलण्यात नसायची आणि तरी सगळं ऐकायची. ग्राम नावाच्या रंगाची गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली होती. आधी जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, मग गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची पातळ, त्यांचा जांभळा धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते ग्राम निगेटिव्ह. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कळलं. म्हणजे गावाकडचे जाड भिंतीचे, आणि शहरातले पातळ. मातीच्या भिंती जाडच असतात."

"आई, ग्राम म्हणजे गाव नव्हे. त्या डॉक्टरचं आडनाव आहे."

"असेना. आपल्या विरजणातले कुठले?"

"पॉझिटिव्ह."

"मग? गावाहूनच आलंय ते."

मी हसून हसून लोळले. उत्तर बरोबर होतं, त्यामागचं कारण सपशेल चूक होतं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

तर ते विरजण. आई लग्न होऊन आली तेव्हा कोकणातल्या माहेराहून तिने ते आणलं होतं. प्रवासात नासू नये म्हणून स्वच्छ फडक्याला चोळून वाळवलेलं. इथे आल्यावर ते फडकं कोमट दुधात बुडवून तिने पहिलं दही लावलं, आणि त्यानंतर रोज कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधाला. सत्तावीस वर्षं त्यात खंड नव्हता. चिनी मातीच्या बुटक्या बरणीत ते फडताळात असायचं, आणि त्या बरणीला हात लावायचा तो फक्त आईने, तिच्या अडचणीच्या दिवसांत तेवढा आधी बाबांनी, मग दादाने. ती बाळंतपणाला गेली तेव्हाही बरणी बरोबर नेली होती. दही असं लागायचं की वाटी उपडी केली तरी हलायचं नाही, आणि चाळीतल्या बायका ते बघायला यायच्या.

आता एक रीत सांगते, ती तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पाळीचे तीन दिवस बाईने बाजूला बसायचं. वहिनी गॅलरीच्या टोकाला चटई टाकून बसायची, तिचं ताट-भांडं वेगळं, स्वयंपाकघरात पाऊल नाही, दुधादह्याला, लोणच्याला हात नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. मला मात्र सवलत होती. कॉलेज सुरू झाल्यावर आईने ठरवून टाकलं होतं की घराबाहेर पडलेल्या मुलीचं काही मोजता येत नाही. वहिनीला सवलत नव्हती, पण आईच्या कायद्यात एक फट होती, आणि तीतून आम्ही दोघी बिनबोभाट ये-जा करायचो. बाजूला बसलेल्या बाईने पोथीला, पुस्तकाला शिवायचं नाही. मी एकदा माझं जर्नल वहिनीच्या चटईवर ठेवलेलं आईने पाहिलं, उघडलं, आतली इंग्रजी अक्षरं पाहिली आणि परत ठेवत म्हणाली, "हिला कसला आलाय विटाळ!" तेव्हापासून माझ्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या महिन्याच्या त्या तीन दिवसांत व्हायच्या. वहिनी दादाच्या काळ्या शाईने अशा रेघा ओढायची की मॅडमनी एकदा वही वर धरून वर्गाला दाखवली. कुणी काढल्या ते मी सांगितलं नाही. माझ्या वागण्यातल्या ह्या खोडीकडे लक्ष असू द्या, कारण पुढे तीच नडली.

पाडव्याला तीन दिवस राहिले होते. वहिनीचा आमच्याकडचा पहिला पाडवा, म्हणून आईने श्रीखंडासाठी पाच लिटर दूध सांगितलं होतं. त्या दिवशी वहिनी बाजूला बसून दुसरा दिवस होता. मी दुपारी घरी आले ती भुकेने कासावीस होऊन. आई कुणाकडे तरी गेली होती. पातेल्यात पोहे होते, दूध संपलेलं, आणि फडताळात ती बरणी. मी ठरवलं, वरचं थोडंसं घ्यावं. थोडंसं घेतलं. मग आणखी थोडंसं. मीठ-मिरची लावून दहीपोहे इतके झकास झाले की चमचा बरणीच्या तळाला लागून वाजला तेव्हा मी भानावर आले. बरणी चाटूनपुसून स्वच्छ! मी चपला न घालता खाली धावले, कोपऱ्यावरच्या दुकानातून द्रोणभर दही आणलं, बरणीत भरलं, वरून सारखं केलं आणि झाकण लावलं. वळून पाहते तर गॅलरीच्या दारातून वहिनी माझ्याकडे बघत होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने मान खाली घालून पुन्हा रेघ ओढायला घेतली.

संध्याकाळी आईने पाच लिटर दुधाला विरजण लावलं, पातेलं गॅलरीच्या दाराशी गारव्याला ठेवलं आणि ती खाली नळावर गेली. मांजर आलं. वहिनीने हुसकलं, ते गेलं नाही. झाकण अर्धं सरकलं होतं. ती उठली, मांजराला हाकललं आणि झाकण नीट बसवलं. नेमकी त्याच वेळी आई कळशी घेऊन दारात. ती फक्त "हं" म्हणाली.

सकाळी आईने त्या दह्यात पळी घातली आणि वर उचलली. पळीत दही आलं ते आलंच, पण त्याच्याबरोबर खालच्या दह्यातून एक तारही वर आली. मधाची येते तशी, हातभर लांब, तुटेचना. आईने पळी आणखी वर नेली, तार आणखी लांब झाली. वास बरा होता, आंबटपणाही बरा होता. फक्त सगळं पातेलंभर दही चिकट, बुळबुळीत, तारेचं. चक्का बांधायला फडक्यात ओतलं तर पाणी सुटेना.

आई रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दादाला म्हणाली, "वसंता, तुझ्या कारखान्यात कल्याणचा माणूस आहे ना? त्याच्याबरोबर चिठ्ठी दे. उद्या ही न्हायली की हिच्या भावाने येऊन घेऊन जावं. पाडवा यंदा तिकडेच करू दे."

"आई, अगं मांजर आलं होतं म्हणून तिने..."

"झाकणाला मांजराने हात लावला का?"

दादा कागद शोधायला वळला. पहिला पाडवा, आणि नवी सून माहेरी परत. कल्याणात ते घराघरांत कळलं असतं, आणि का पाठवली हेही. वहिनी चटईवर ताठ बसून होती, डोळे कोरडे. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला सहन होईना. तरी मी बोलले नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली धुतली, तीत ते दही भरलं आणि कॉलेजला पळाले. माझ्या मनात आलं होतं की विज्ञानच परस्पर वहिनीला सोडवेल, मला तोंड उघडावं लागणारच नाही!

मॅडमना मी बाटलीतली तार काडीने ओढून दाखवली. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "शाई आण, ड्रॉइंगची." प्रयोगशाळेतली शाई उन्हाने आटली होती, पण वहिनीने आकृत्यांसाठी वापरलेली दादाची बाटली माझ्या पिशवीत होती. दह्याचा थेंबभर अंश पाण्यात कालवला, त्यात शाईचा थेंब, वर काचेचा पातळ तुकडा. मॅडमनी भिंग जुळवलं आणि मला जागा दिली.

बाळांनो, आजवर मी पाहिलेल्या सुंदर गोष्टींची यादी केली तर हे दृश्य पहिल्या तिनात येईल. एरवी आम्ही जिवाणूला रंगवायचो आणि भोवतालची जागा पांढरी राहायची. इथे उलटं. सगळं आकाश काळं, आणि त्यात उजेडाची छोटी छोटी तळी. प्रत्येक तळ्याच्या मध्ये दोन-दोन, चार-चार ठिपके, एकमेकांना धरून. शाईचे कण त्या ठिपक्यांपर्यंत पोचूच शकत नव्हते, कारण मध्ये ती लपेट होती. आकृतीत जी मी नुसती एका वर्तुळाने दाखवायचे आणि वहिनी दोन रेघांनी नीटस करायची, ती कॅप्सूल, खरी, डोळ्यांसमोर!

"दिसली?" मॅडमचा आवाज चढला होता. "भिंतीच्याही बाहेर, बघ किती जाड! साखरेपासूनच बनवतात ती. कोरडं पडू नये म्हणून, कशाला तरी चिकटून राहता यावं म्हणून. एकाला एक अशा कोट्यवधींच्या लपेटा चिकटल्या की त्याची तार होते. तुझ्या आईने पळी उचलली तेव्हा ती हेच उचलत होती!"

मी विचारलं, "मॅडम, हे कुणाच्या हाताने येऊ शकतं? म्हणजे... बाजूला बसलेल्या बाईच्या?"

त्यांना लगेच कळलं. त्या खुर्चीत बसल्या. "हातावर जिवाणू असतातच. तुझ्या, माझ्या, तुझ्या आईच्या. महिन्यातल्या ठरावीक दिवशी ते दही बिघडवतात असं मात्र मी कुठे वाचलेलं नाही. पण माझं वाचन तुझ्या आईच्या काय उपयोगाचं? विरजण कुठलं?"

"घरचंच."

"किती जुनं?"

"सत्तावीस वर्षं."

"आणि सत्तावीस वर्षांत तार सुटली नाही?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग ह्या मंडळींनी एका रात्रीत कुठून मुक्काम हलवला? काहीतरी बदललं असणार. काय बदललं ते शोध. पण एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कुणालाही दोष देता येतो."

शेवटचं वाक्य मॅडम प्रयोगाबद्दल बोलल्या होत्या. मला ते तसं ऐकू आलं नाही. परतीच्या वाटेवर मी कितीही आखणी केली तरी प्रत्येक आखणीत एका वाटीवर "दुकानातलं विरजण" अशी चिठ्ठी लावावी लागत होती. ते लपवून प्रयोग होतच नव्हता.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मी दारात उभी राहूनच सांगितलं. पोहे, बरणी, दुकान, द्रोण, सगळं. आईचे हात थांबले.

"माझं विरजण तू पोह्यांत कालवून खाल्लंस?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"आणि सकाळपासून हिला ऐकून घेऊ दिलंस?"

ह्यावर मात्र मला हो म्हणता येईना. आई पिठाचे हात तसेच घेऊन गॅलरीच्या दाराशी गेली. "उषा, तुला ठाऊक होतं?"

"हो, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर खरं कुणाला वाटलं असतं?" वहिनी सावकाश म्हणाली. "वन्संवर ढकलते असं तुम्हीच म्हणाला असतात."

आईने बोटांना चिकटलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाली, "तरी झाकणाला हात लागलाच होता. विरजण दुकानातलं असेल, हातही लागला असेल. कशाने झालं ते कुणी सांगावं?"

"मी सांगते," मी म्हटलं. "उद्या सकाळपर्यंत थांब. चार वाट्या दे फक्त. दूध एकच, सारखं कोमट. दोन वाट्यांना बरणीतलं, म्हणजे दुकानातलं, विरजण, दोनांना समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशींकडचं. प्रत्येक जोडीतली एक वाटी तू लावायची, एक वहिनीने. आज तिचा तिसराच दिवस आहे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, कॉलेजच बंद होणार. पण तिला हिशेब आवडायचा, नीट मांडलेली कोणतीही गोष्ट आवडायची, आणि ही गोष्ट नीट मांडलेली होती. ती म्हणाली, "वाट्या स्वयंपाकघरात ठेवायच्या नाहीत. गॅलरीत ठेव. आणि कुठली कुणाची हे मला सांगू नकोस. मी लबाडी करते असं तुझ्या मॅडमना वाटायला नको."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं! आज तुमच्या तिकडच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत औषधं तपासताना हेच करतात, कुणाला काय दिलंय ते तपासणाऱ्यापासून लपवतात. मी वाट्यांच्या बुडाला खडूने खुणा केल्या, दोघींकडून एकाच चमच्याने, दरवेळी उकळत्या पाण्यातून काढलेल्या, विरजण लावून घेतलं, आणि मग वाट्यांच्या जागा बदलल्या. वहिनीने दुधात चमचा ढवळला तेव्हा आईने दुसरीकडे पाहिलं. दादा कारखान्यातून आला. गॅलरीत ओळीने चार वाट्या आणि त्यांच्याशेजारी त्याची बायको राखणीला बसलेली बघून तो फक्त इतकंच म्हणाला, "चिठ्ठी देऊन टाकलीय मी." त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही.

सकाळी वहिनी न्हाऊन, ओले केस पंच्यात गुंडाळून आली, तिची पिशवी भरलेली होती. आई गॅलरीत पाटावर बसली. पहिल्या वाटीत चमचा घातला, उचलला. तार. दुसरीत घातला. चमच्यात दह्याची कवडी, खाली काही नाही. तिसरी वाटीही तशीच, इतकी घट्ट की वाटी तिरकी केली तरी दही जागचं हललं नाही. चौथी, पुन्हा तार. चौथ्या वाटीची तार आईने बराच वेळ धरून ठेवली.

"उलट्या कर," ती म्हणाली.

मी वाट्या रिकाम्या करून उपड्या केल्या. तार आलेल्या दोन्ही वाट्यांच्या बुडाला दुकानाची खूण होती. त्यांतली एक वहिनीने लावलेली, दुसरी आईने. ती चौथी. घट्ट दह्याच्या दोन वाट्यांतलीही एक आईची, एक वहिनीची. आणि वाटी तिरकी करून आईने पसंतीची मान हलवली होती, ती वहिनीची.

आईने चौथी वाटी हातात फिरवून पाहिली. "हे मी लावलंय?"

"हो."

"स्वच्छ न्हाऊन, सोवळ्याने?"

"हो, आई."

तिने वाटी खाली ठेवली. मला वाटत होतं की मी आनंदाने नाचेन. प्रयोग इतका सुबक उतरला होता! पण आईचा चेहरा पाहून नाचवेना. तिचं विरजण कायमचं गेलं, हे तिच्याबरोबर मलाही तेव्हाच कळलं. सत्तावीस वर्षं दर वीस-तीस मिनिटांनी एकाचे दोन होत आलेली ती वसाहत मी मीठ-मिरची लावून खाल्ली होती. "माझ्या आईच्या घरचं होतं," एवढंच ती पुटपुटली.

तेव्हा वहिनी म्हणाली, "आई, रागावू नका. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा बरणीतलं दोन चमचे मी नेलं होतं. आमच्याकडे दही असं लागायचंच नाही. माझी आई अजून तेच लावते, रोज."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन चोर पाळलेत मी घरात," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसली, मग डोळे पुसले.

तेवढ्यात वहिनीचा भाऊ दारात आला, गंभीर चेहऱ्याने, घडी घातलेली चिठ्ठी हातात. आईने त्याला बसवलं, चहा दिला, आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, "उषाला न्यायचं नाही. आमच्याकडचा पाडवा आहे तिचा. तुम्ही चहा घ्या आणि असेच परत कल्याणला जा. तुमच्या आईंना म्हणावं, दुपारच्या आत वाटीभर विरजण पाठवा. आमचंच आहे." बिचाऱ्याला काही उलगडा झाला नाही, पण तो गेला, आणि दुपारी वाटी घेऊन आला. त्या पाडव्याला श्रीखंड दुपारच्या पानावर नव्हतं, संध्याकाळी झालं. जरा सैलच होतं, कारण चक्क्याला पुरेसा वेळ मिळाला नाही. मला शिक्षा म्हणून वर्षभर दही मिळालं नाही, फक्त ताक.

आता इतक्या वर्षांनी मला हेही ठाऊक आहे की काही थंड देशांत असं तारेचं दही मुद्दाम लावतात आणि आवडीने खातात. हे मी नंतर आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "खाऊ देत." आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. त्या चार वाट्यांनी चाळीतली रीत मोडली नाही, आमच्या नात्यातल्या कितीतरी घरांत ती पुढे अनेक वर्षं चालू राहिली. आईने वहिनीची माफीही मागितली नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. पण त्या दुपारी कल्याणहून आलेली वाटी तिने स्वतः हातात घेतली नाही. कोमट दुधाचं पातेलं तिने वहिनीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "तू लाव. यापुढे बरणी तुझ्याकडे."

वहिनीने चमचा हातात घेतला आणि तशीच थांबली. ती धीट नव्हती, पण तिला सगळं स्पष्ट झालेलं हवं असायचं. "आणि पुढच्या महिन्यात, आई?" तिने विचारलं. "ते तीन दिवस?"

आई स्टोव्हला पंप मारत होती. तिने मान वर केली नाही.

"दही घरात महिन्याचे तीसही दिवस लागतं," ती म्हणाली.